माझं नाव छापायचं राहिलं

मी मनगटावरचं घड्याळ. बोलतोय तो मीच, इकडेतिकडे बघू नका. आणि तुमच्या ओठांवर आलेला प्रश्नही मला ठाऊक आहे. "कुठल्या कंपनीचं?" हाच ना? पंचेचाळीस वर्षं तो ऐकतोय. लोक आधी मनगट उचलून धरतात, मग डोळे बारीक करतात, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच सापडलं नाही की हात असा सोडून देतात, जणू माझ्यामुळे त्यांची फसवणूक झाली!

तर सांगून टाकतो. माझ्या डायलवर नाव नाही. बारा आकडे आहेत, तीन काटे आहेत, नाव नाही. पुसलं गेलं नाही, खरवडलं नाही, छापायचंच राहिलं. याची मला लाज वाटते असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आजच दूर करावा. माझ्याएवढा ताठ मानेचा गडी तुम्हाला भल्याभल्यांच्या पेटीत सापडणार नाही.

माझा जन्म गावाबाहेरच्या घड्याळांच्या कारखान्यात झाला. लांबलचक खोली, उत्तरेकडून येणारा उजेड, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगा. फुंकर मारायची बंदी, शिंकायचं तर बाहेर जाऊन. डायलवर छपाई दोनदा व्हायची. मऊ रबरी ठसा शाईत टेकवायचा आणि डायलवर दाबायचा, आधी आकडे आणि मग कंपनीचं नाव. माझ्या ताटलीत बारा डायल होते. आकडे बाराही जणांवर छापून झाले. नावं अकरांवर छापली आणि जेवणाची घंटा झाली. छपाईवाला हात पुसत उठला, डबा खाऊन परत आला आणि ताटली पुढे सरकवून मोकळा झाला. झालं! एका डब्यापायी मी बिननावाचा राहिलो.

पण खरा जन्म तिथे झालाच नाही. घड्याळ जन्मतं ते जुळणीच्या टेबलावर. आत केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिच्यावर एक छोटं चाक डुलत असतं. ते दोन्हीकडे सारखं डुललं तर घड्याळ चालतं, नाहीतर लंगडतं. टिक लांब आणि टक आखूड, असं. हे सरळ करायचं काम एका बाईकडे होतं. सगळा कारखाना तिला 'तिखटकान' म्हणायचा. बाकीच्या बायका यंत्राच्या कागदावरच्या रेघा बघून जुळणी करायच्या. ही बया मात्र घड्याळ कानाशी धरायची, मान तिरकी करायची, आणि चिमट्याने आतली नखाएवढी दांडी किंचित सरकवायची. मग यंत्रावर लावून बघायची. रेघ सरळ! यंत्र चुकलं की तीच सांगायची, यंत्राला तेल द्या.

मला तिने तीनदा कानाशी धरलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आता कसं! शहाणं झालं माझं बाळ." तोंडदेखलं नव्हतं ते. मग पाठीमागचं झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला तिने सुईने खूण केली. एक छोटा गोल, त्याला खाली शेपटी, शेपटीखाली दोन ठिपके. प्रत्येक जुळणीवालीची वेगळी खूण असायची. घड्याळ तक्रार घेऊन परत आलं तर कुणाच्या टेबलावर जायचं ते त्यावरून कळायचं. तिच्या टेबलावर परत आलेली घड्याळं मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती.

शेवटच्या तपासणीत फोरमनने मला पकडलं. "याचं तोंड धुतलंय का कुणी? नाव कुठाय?" खोलीत हशा पिकला. मला मोडीत काढायचं ठरलं. तेव्हा तिखटकान उठून उभी राहिली. "साहेब, तोंडावर नाव नाही म्हणून पोटातलं काम फेकून देणार? मला द्या. माझ्या भावाला देते." फोरमन तिला जरा टरकूनच असायचा. त्याने मला तिच्या हातावर ठेवलं आणि विषय संपवला.

तिचा भाऊ बेकरीवाला. पहाटे पीठ मळायचं, ते फुगायला किती वेळ, भट्टीत किती वेळ, हे सगळं त्याने माझ्या भरवशावर सोडलं. मनगटाच्या आतल्या बाजूला मला बांधायचा, म्हणजे पिठात हात असतानाही नुसता पंजा वळवला की मी दिसायचो. सव्वीस वर्षं मी भट्टीसमोर काढली. धग सोसली, पीठ सोसलं, लोण्याचे हात सोसले. आणि त्या सव्वीस वर्षांत त्याचा एक पाव माझ्यापायी करपला असेल तर माझे काटे काढून घ्या!

एकदा मैद्याच्या गिरणीचा एजंट आला होता. हातात हे भलंमोठं सोनेरी घड्याळ, आणि बाही मुद्दाम दोन बोटं वर. त्याने माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "शेठ, हे कुठल्या कंपनीचं?"

"माझ्या बहिणीच्या," बेकरीवाला म्हणाला आणि पाव काढायला वळला. एजंटाने घाईघाईने मैद्याचा भाव सांगायला घेतला. मी आतल्या आत असा फुललो म्हणता, त्या दिवशी दोन सेकंद पुढेच गेलो असेन.

बेकरीवाला गेला तेव्हा तिखटकान लांब दुसऱ्या गावी मुलीकडे राहत होती. त्याच्या सुनेने घर आवरलं. बिचारीचा काही दोष नाही. डायलवर नाव नाही म्हणजे खेळण्यातलं घड्याळ, असंच तिला वाटलं. जुने पट्टे, बकलं आणि मी, असा सगळा ऐवज एका बिस्किटांच्या डब्यात भरून जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला. तिथून तो डबा उचलला एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांना डब्यातले पट्टे हवे होते. मी पट्ट्यांबरोबर फुकट आलो.

या डॉक्टरांना घड्याळं जमवायचा नाद होता. नाद कसला, वेडच. चौसष्ट घड्याळं! भिंतीतल्या कपाटाला सात खण. वरच्या खणात बड्या कंपन्यांची घड्याळं, म्हणजे मोठमोठी घराणी, मखमलीवर. त्याखाली जरा कमी घराणी, साध्या कापडावर. असं करत करत सगळ्यात खालच्या खणात स्क्रू, तुटक्या काचा, सुटे काटे आणि मी. डॉक्टरांच्या बायको दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, मनगटं दोन, घड्याळं चौसष्ट, आणि जेवायला यायला तरी रोज उशीर!"

दर महिन्याला घड्याळवाल्यांच्या मंडळाची बैठक डॉक्टरांकडे भरायची. माझ्या खणाच्या फटीतून मला सगळं दिसायचं. ही मंडळी एकमेकांना भेटली की आधी मनगट बघायची, मग चेहरा. ज्याचं घराणं मोठं त्याला खिडकीजवळची खुर्ची. एकदा एक नवखा गृहस्थ आपल्या वडिलांचं साधं घड्याळ घालून आला, तर कुणी त्याला चहा घ्या असंही म्हटलं नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वकीलसाहेब. ते बोलायला लागले की बाकीचे माना डोलवायचे. घड्याळ उघडून बघायचा त्यांना भारी सोस, आणि हातात चिमटा आला की आत ढोसल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

अशाच एका बैठकीत कुणाच्या तरी पट्ट्याची दांडी निखळली. डॉक्टरांनी नवी शोधायला माझा खण उघडला, आणि वकीलसाहेबांची नजर माझ्यावर पडली.

"हे काय? नाव नाही?"

"काही नाही हो, डब्याबरोबर आलंय," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"थांबा." वकीलसाहेबांनी मला उचललं, किल्ली दिली, झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. आतली खूण बघितली आणि भिंग पुसून परत बघितली. गोल, शेपटी, दोन ठिपके. मग सवयीप्रमाणे त्यांनी चिमट्याने आत ढोसलं. तिखटकानने केसाच्या अंतराने बसवलेली ती दांडी सर्रकन सरकली. मी लंगडायला लागलो. टिक... टक्. टिक... टक्. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच चालीची शरम वाटली.

वकीलसाहेबांनी मला कानाशी नेलं आणि डोळे मिटले. "ऐका! ऐका ही चाल! अशी चाल साध्या घड्याळाला असते का? केवढा डौल आहे!" मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणे फार वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात मोठ्या घराण्याने काही नमुने बनवले होते. बिननावाचे, आत गुप्त खूण असलेले. ऐकीव गोष्ट ती, पण मंडळात सगळ्यांना पाठ होती. "डॉक्टर, नाव नाही याचाच अर्थ नाव फार मोठं आहे!"

अहो, पाच मिनिटांपूर्वी नाव नाही म्हणून मी स्क्रूंमध्ये लोळत होतो. आता नाव नाही म्हणूनच मला सगळ्यात वरच्या खणात जागा! मखमल काय, काचेचं झाकण काय. आणि वर हुकूम काय सुटला? "याला किल्ली द्यायची नाही. झीज होईल." सव्वीस वर्षं भट्टीसमोर न थांबलेला मी त्या मखमलीवर चार वाजून वीस मिनिटांनी थांबलो. शेजारी सगळी घराणी अशीच थांबलेली. कुणाचे दहा वाजलेले, कुणाचे पावणेदोन. एवढी थोरामोठ्यांची बैठक, आणि वेळ सांगायला एकही कामाचा नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाचं प्रदर्शन होतं. मधल्या काचेच्या कपाटात एकच वस्तू राहणार होती, मी. माझ्याशेजारी ठेवायचं कार्ड छापून आलं. त्यावर त्या बड्या घराण्याचं नाव ठसठशीत अक्षरांत, आणि खाली 'अज्ञात महान कारागिराची निर्मिती'. मी ते वाचलं आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. अज्ञात? माझी आई अज्ञात? दुसऱ्याच कुणाच्या घरचा म्हणून मला चारचौघांत मिरवणार होते, आणि मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना डॉक्टरांना मोह आवरला नाही. जरा पेशंटसमोर मिरवावं म्हणून त्यांनी गुपचूप मला किल्ली दिली, मनगटावर चढवलं आणि दवाखान्यात गेले. बुधवारची सकाळ. खुर्चीत एक म्हातारी बसलेली. कवळीचं माप द्यायला आलेली. मुलीची बदली झाली म्हणून वर्षभरापूर्वी या गावात परत आलेली. केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंग, तोंडात एकही दात नाही. पण मान अशी तिरकी करायची तिची तऱ्हा! मी ओळखलं. तिखटकान!

डॉक्टरांनी मापाचा लगदा तिच्या तोंडात भरला, हाताने हनुवटी धरून ठेवली. मनगट बरोबर तिच्या कानाशी. टिक... टक्. टिक... टक्. तिच्या कपाळावर आठी पडली.

"अं! अं अं!"

"दुखतंय का आजी?"

तिने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"वेळ झाली म्हणता? दोनच मिनिटं अजून. हलू नका."

ती दोन मिनिटं तिने कशी काढली तिलाच माहीत. एकेका टिक-टकला तिचा चेहरा आंबट होत होता. लगदा बाहेर आला, चूळ भरून झाली, आणि पहिलं वाक्य बाहेर पडलं, "मेलं लंगडतंय की तुमचं घड्याळ!"

डॉक्टर दुखावले. "आजी, हे साधंसुधं घड्याळ नाही. याची चालच तशी आहे. फार मोठ्या घराण्याचा नमुना आहे हा."

"घराणं कुठलं का असेना, लंगडं ते लंगडंच. बघू."

तिने मला हातात घेतलं. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, म्हणून मला अगदी नाकाशी नेलं. डायलवरून नजर फिरवली. मग तिचा अंगठा थांबला. नाव असायला हवं तिथेच. डॉक्टरांनी झाकण उघडायचा चाकू पुढे केला तशी तिने त्यांचा हात अडवला. "आधी उघडू नका. कागद द्या मला एक."

औषधं लिहायच्या कागदावर तिने थरथरत्या हाताने काढलं. एक गोल. खाली शेपटी. शेपटीखाली दोन ठिपके. "आता उघडा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी उघडलं. आतली खूण बघितली, कागद बघितला, परत खूण बघितली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला तो मी दोन वितींवरून बघितला.

तिने सगळं सांगितलं. कारखाना, जेवणाची घंटा, फोरमन, भाऊ. मध्येच माझ्या काचेवरून बोट फिरवत म्हणाली, "भावाचं माझ्या घड्याळ हे. गेला हो तो." डॉक्टरांनी उघडं झाकण हळूच बंद केलं. मग म्हणाले, "आजी, रविवारी प्रदर्शन आहे. कार्ड छापून झालंय. आणि एका अर्थी बघा, तुमचं काम एवढ्या मोठ्या नावाने लोकांसमोर जाणार. हा मानच नाही का?"

"डॉक्टर, पोर माझं, वाढवलं मी, आणि गुणी निघालं म्हणून शेजारणीच्या नावावर लावायचं? हा कसला मान?" तिचा आवाज चढला नव्हता. "एकतीस वर्षं मी त्या टेबलावर बसले. रोज तीस-चाळीस घड्याळं. एकावरही माझं नाव नाही, आणि असावं असं कधी मनातही आलं नाही. नाव कंपनीचं होतं. पण कंपनी बंद पडली, तिथे आता गोदाम आहे. नात मला विचारते, आजी, तू खरंच घड्याळं करायचीस का गं? मी तिला काय दाखवू? आज हे एक समोर आलं, तर तेही तुम्ही दुसऱ्याचं म्हणून लिहिलेलं."

डॉक्टर हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. तिने मागणी अशी काही केली नाही. मला टेबलावर ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि शुक्रवारची वेळ घेऊन निघून गेली. मला तिच्यामागे धावायचं होतं. पण घड्याळाला काटे असतात, पाय नसतात.

घरी जेवताना डॉक्टरांनी बायकोला सगळं सांगितलं. "आता कुठल्या तोंडाने वकीलसाहेबांना सांगू? मंडळात हसं होईल माझं. पहिल्यांदा मधलं कपाट मिळालंय."

बायको भाजी वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेबांची कवळी कुणी केली?"

"मी."

"आणि ते चारचौघांत काय सांगतात?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. वकीलसाहेब सगळ्यांना सांगायचे की ही कवळी परदेशात जाऊन करून घेतली, इथे कुणाला असं काम येतंय?

"ते पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात," बायको म्हणाल्या. "त्या बाई किती वर्षं उपाशी आहेत म्हणालात? एकतीस?"

यावर डॉक्टरांनी ताट बाजूला सारलं आणि मला मखमलीवर न ठेवता उशाशी ठेवून झोपले.

शुक्रवारी तिखटकान आली तेव्हा खुर्चीशेजारच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. चिमटे मांडलेले, दिवा लावलेला. "आजी, दात नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी याचं लंगडणं बघता का?"

ती हसली. मग दोन्ही हात पुढे करून दाखवले. "बघा, कसे थरथरतात. डोळेही गेले. माझ्याकडे आता फक्त कान आहेत."

"हात माझे घ्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करतो मी. तुम्ही ऐका, मी सरकवतो."

आणि मग ते घडलं. ती मान तिरकी करून माझ्यावर वाकली, डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याचं टोक दांडीला टेकवलं. "उजवीकडे. छे, एवढं नाही! दाढ उपटताय का? हळू. परत डावीकडे. अजून. श्वास सोडू नका तिच्यावर. अजून किंचित. अगदी... बास! बास म्हटलं ना!" डॉक्टर घामाघूम. पाऊण तास लागला. बाहेर पेशंट कुरकुरत होते, पण दोघांनाही भान नव्हतं. आणि शेवटी माझी चाल सरळ झाली. टिक, टक, टिक, टक. सुरुवातीच्या दिवसासारखी, एकसारखी, ठणठणीत.

"आता कसं," ती पुटपुटली.

डॉक्टरांनी भिंग काढलं. "आजी, असं रोज चाळीस वेळा?"

"चाळीस वेळा. आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक."

डॉक्टरांनी भिंग परत डोळ्याला लावलं. चौसष्ट घड्याळांचे मालक ते. इतकी वर्षं नावं वाचत आले, पण पोटातलं काम त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. मी मधल्या कपाटात, किल्ली दिलेला, चालता. कपाटावर कार्ड पालथं ठेवलेलं. तिखटकान नातीबरोबर दाराजवळच्या खुर्चीत, नवी कवळी घालून बसलेली. वकीलसाहेब पुढे झाले, घसा खाकरला, कार्ड उचलून उलटवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. "किल्लीचं मनगटी घड्याळ. कारखाना याच गावातला, आता बंद. डायलवर नाव नाही, कारण..." इथे ते अडखळले. "...कारण छपाईच्या वेळी जेवणाची घंटा झाली?"

सभागृहात खसखस पिकली. वकीलसाहेबांचे कान लाल झाले. "डॉक्टर, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही, वकीलसाहेब. चूक होती. तुमची आणि माझी, दोघांची. खूण ज्यांची आहे त्या इथे बसल्या आहेत."

"म्हणजे हे गावठी घड्याळ? मग ते मधल्या कपाटात राहू शकत नाही. तिथे नाव लागतं!" बोलताना त्यांची कवळी किंचित हलली. डॉक्टरांना ते दिसलं, मलाही दिसलं. एक शब्द तोंडातून निसटला असता तर वकीलसाहेबांची अब्रू तिथेच गेली असती. पण पेशंटचं गुपित डॉक्टरांनी फोडायचं नसतं, आणि आमच्या डॉक्टरांनी ते फोडलं नाही. त्यांनी फक्त कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, वकीलसाहेबांच्या हातातलं कार्ड घेतलं, आणि सगळ्यांच्या देखत चालत दाराशी जाऊन मला आणि कार्डाला तिखटकानच्या हातांत ठेवलं.

तिने कार्ड नातीकडे दिलं नाही, डॉक्टरांकडेच धरलं. "काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचा. मला एवढं बारीक दिसत नाही."

डॉक्टरांनी वाचलं. शेवटची ओळ होती, 'जुळणी', आणि त्यापुढे तिचं नाव. टोपणनाव नाही. तिचं, वडिलांचं, नवऱ्याकडचं आडनाव, सगळं पूर्ण.

ती समोर बघत होती.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. तिचा अंगठा माझ्या काचेवर होता आणि तो थरथरत नव्हता. नात म्हणाली, "आजी, हे तू केलंस?" तिने मान डोलावली. मग मला नातीच्या कानाशी धरलं.

त्यानंतर टाळ्यांचा कडकडाट वगैरे काही झाला नाही, उगाच फुगवून सांगत नाही. वकीलसाहेब मधलं कपाट रिकामं ठेवून तणतणत निघून गेले आणि महिनाभर डॉक्टरांशी बोलले नाहीत. त्यांचा तोरा त्यांना लखलाभ. पण थोड्या वेळाने तो नवखा गृहस्थ, वडिलांच्या घड्याळाचा, लाजत लाजत तिच्याजवळ आला. "जरा ऐकता का हो?" तिने ऐकलं. "चांगलं आहे. रोज दहा सेकंद मागे पडतं. वडील नेमाने किल्ली द्यायचे ना? कळतंय." त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग आणखी एक आला. मग वरच्या खणात बसतील अशा घराण्यांचे मालकही एकेक करून आले, बाही खाली ओढून.

डॉक्टरांनी मला तिला परत देऊ केलं. तिने नाही म्हटलं. "मला कशाला? काटे दिसत नाहीत मला. तुम्ही वापरा. पण रोज किल्ली द्या. कपाटात निजवलंत तर कवळी परत करीन." महिन्यातून एकदा मात्र मला तिच्याकडे न्यायचं असं ठरलं. ती ऐकते, नात आता चिमटा धरायला शिकते आहे. डॉक्टर शेजारी बसून ओरडा खातात.

तर असा मी. काचेवर दोन चरे आहेत, पट्टा चौथा आहे, डायल जरासा पिवळा पडलाय. रोज सकाळी किल्ली मिळते आणि दिवसभर लोकांच्या कानांशी मी सरळ चालतो. माझ्या चेहऱ्यावर नाव छापून घ्यायचं का, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं. मी चालतच राहिलो. त्यांना उत्तर कळलं असावं, परत विचारलं नाही.

तुम्हाला एवढंच मागतो. कुणाच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर 'कुठल्या कंपनीचं' असं जरूर विचारा, हौस असते माणसाला, मी ओळखतो. पण त्याच्या मागोमाग 'जुळवलं कुणी' हेही विचारून बघा. मोठमोठ्या घराण्यांचे मालक तुमच्याकडे बघत राहतील, उत्तर येणार नाही. मग माझ्याकडे या. मला विचारा. मी सांगतो, पूर्ण नावानिशी.